उद्या रजिस्ट्रेशन आहे मॅडम, फक्त एकदा विचारायचं होतं

कर्जाच्या केसेस घ्यायला लागल्यापासून एक प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतोच. दिवाळं काढायचंय, पण त्याआधी घर बायकोच्या नावावर करून टाकू का, म्हणजे कोर्टाच्या हाताला लागणार नाही. कधी बायकोच्या, कधी मुलाच्या, एकाने तर सासूच्या नावावर (सासूला विचारलंय का म्हटलं, तर नाही). उत्तर एका ओळीत देता येतं पण एका ओळीने कोणाचं समाधान होत नाही, म्हणून एक केस सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललंय आणि सांगायला त्यांची परवानगी घेतलीय.

पुण्यात धायरी-नऱ्हे भागात एका गृहस्थांचं छोटं वर्कशॉप होतं, दोन लेथ, एक मिलिंग मशीन, जॉबवर्क करायचे. एका मोठ्या गिऱ्हाइकाने पेमेंट अडकवलं आणि तिथून सगळं घसरत गेलं, आधी सप्लायरचे पैसे थकले, मग मशीनचा हप्ता, मग फ्लॅटचा. मी त्यांना दादा म्हणते कारण साहेब म्हटलं की ते खुर्चीत आकसून बसायचे. तर दादा आले ते एका गुरुवारी संध्याकाळी, बंद व्हायच्या वेळेला, हातात प्लास्टिकची फाइल. नारायण पेठेतल्या वडिलांच्या जुन्या घरातला त्यांचा अर्धा हिस्सा बायकोला बक्षीसपत्र करून द्यायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी सबरजिस्ट्रारकडे वेळ घेतलेली. "उद्या रजिस्ट्रेशन आहे मॅडम, फक्त एकदा विचारायचं होतं." ज्याला खरंच फक्त एकदा विचारायचं असतं तो फोन करतो, असा आपला माझा अनुभव.

सल्ला मेहुण्याचा होता. राहण्यासाठीचं घर बायकोला बक्षीस द्यायचं तर आपल्याकडे मुद्रांक शुल्क दोनशे रुपये, वर बाकीचा थोडाफार सेस वगैरे, म्हणजे मोह पडावा इतकं स्वस्त प्रकरण. आणि प्लॅनचा दुसरा भाग असा की फ्लॅट भाड्याने द्यायचा, लाखभर डिपॉझिट हातात घ्यायचं, आपण पेठेत राहायला जायचं आणि मग शिवाजीनगर कोर्टात नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज टाकायचा.

मी वकील नाही. पण या कामात इतकी वर्षं काढल्यावर थोडंफार कळतं आणि बाकीचं मी वकील मैत्रिणीला तिथेच फोन लावून विचारते, त्या दिवशीही लावला, स्पीकरवर.

आधी हे की नादारीचा कायदा कुठला. सगळे म्हणतात २०१६ चा नवीन आलाय ना, आलाय, पण व्यक्तींसाठी त्यातला जो भाग आहे तो २०१९ च्या डिसेंबरपासून फक्त कंपनीच्या कर्जाला पर्सनल गॅरंटी दिलेल्यांना लागू केलाय. दादांसारख्या प्रोप्रायटरला पुण्यात अजून १९२० चाच प्रांतिक नादारी कायदा. त्यात अर्ज करायला कर्ज किमान पाचशे रुपये हवं. दादा पहिल्यांदा हसले तेव्हा, त्यांचं एकूण साठ लाखाच्या आसपास होतं.

आता मुद्द्याचं. कोर्टाने नादार ठरवलं की तुमची सगळी मालमत्ता कोर्टाच्या किंवा कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते, आणि हे मोजतात ते अर्ज दाखल केला त्या तारखेपासून. म्हणजे अर्ज टाकून निकाल येईपर्यंत वर्ष गेलं तर त्या वर्षात मी माझं विकतो, भाड्याने देतो, असं चालत नाही. मधे कोणी वारलं आणि वारसाहक्काने काही आलं तर तेही त्यातच, कोर्ट मोकळं करेपर्यंत. आणि आधीचे व्यवहार सुटतात असंही नाही. मोबदला न घेता कोणाला काही दिलं आणि दोन वर्षांच्या आत अर्ज आला तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. मैत्रीण म्हणाली त्याहून वाईट पुढे आहे, ज्यांचे पैसे बुडतायत त्यांना चुकवायला मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर करणं हेच मुळी नादारीचं कृत्य धरतात, त्यावर तुमचा सप्लायरच तीन महिन्यांच्या आत तुमच्याविरुद्ध अर्ज टाकू शकतो. म्हणजे लपवायला गेलात आणि काठी त्याच्याच हातात दिलीत.

दादा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, बरं, फ्लॅट तरी भाड्याने देऊ?

फाइल बघितली तर बँकेची साठ दिवसांची नोटीस त्यातच होती, सरफेसीची (कोर्टात न जाता गहाण मालमत्ता ताब्यात घ्यायची मुभा बँकेला देणारा कायदा), आलेली बावीस दिवसांपूर्वी, पाकीट फोडलेलं पण वाचलेलं नाही. ती नोटीस आल्यावर गहाण मालमत्ता बँकेच्या लेखी परवानगीशिवाय विकता येत नाही, लीजवर देता येत नाही, दुसऱ्या कुठल्याही प्रकारे हस्तांतर करता येत नाही. मेहुण्याचं म्हणणं अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स म्हणजे लीज थोडीच. वकिलांना यावर वाद घालता येईल, घालोत, पण लोनच्या करारातही बँकेच्या एनओसीची अट होतीच, आणि मी दादांना एवढंच विचारलं की एखादं नवीन लग्न झालेलं जोडपं डिपॉझिट भरून राहायला आलं आणि तीन महिन्यांनी बँक ताबा घ्यायला दारात उभी राहिली तर त्यांना काय सांगणार? त्यांनी मान खाली घातली. माणूस लबाड नव्हता हो, घाबरलेला होता. दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं कधीकधी.

मी विचारलं वहिनींना हे सगळं माहितीय? बक्षीसपत्राचं माहिती नव्हतं. नोटिशीचंही नाही. सही उद्या कशाला हवी म्हणून काय सांगितलं होतं, तर "पेठेतल्या घराच्या टॅक्सचं काम आहे".

शुक्रवारचं रजिस्ट्रेशन रद्द केलं आणि शनिवारी दोघं आले. वहिनींना रडू वगैरे आलं नाही, त्यांनी नोटीस पूर्ण वाचली, दोनदा, आणि म्हणाल्या यात माझं पण नाव आहे. होतंच, त्या होमलोनला को-बॉरोअर. दादा नादार ठरले असते तरी बँक वहिनींच्या मागे लागलीच असती, आणि पेठेतला हिस्सा त्यांच्या नावावर केला असता तर त्याच्यावरही डोळा गेला असता. ज्या माणसाच्या नावावर सुरक्षित ठेवायचं तोच कर्जदार, हे गेल्या चार महिन्यांत त्या घरात कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग त्यांनी एकच विचारलं, विचारताना हात गळ्याशी गेला होता. मंगळसूत्र घेत नाहीत. कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारं, पीएफ आणि धर्माच्या रीतीप्रमाणे बाईला अंगावरून काढता येत नाहीत ते दागिने, जप्तीतून वगळलेले आहेत आणि नादारीतही तेच लागू. बाकीचं सोनं मोजतात. दादांनी लगेच लेथचं विचारलं पण लेथ बँकेच्या कर्जावर होता, तारण ठेवलेल्या वस्तूवरचा बँकेचा हक्क नादारीतही हलत नाही. व्हर्नियर, मायक्रोमीटर ही मापायची अवजारं राहतील म्हटलं.

नंतर जे झालं ते कंटाळवाणं आहे, कागदांचंच. फ्लॅट स्वतः विकायला बँकेची लेखी परवानगी मागितली, दोन खेपा मारल्यावर मिळाली, लिलावापेक्षा बाजारात बरा भाव आला आणि बँकेचं देणं थेट त्यातून फिटलं. पेठेतला हिस्सा थोरल्या भावाने घेतला, पण फुकटच्या हक्कसोडपत्राने नाही, व्हॅल्युअरचा रिपोर्ट करून, पूर्ण रक्कम बँक खात्यातून. अर्ज केलेला नसताना योग्य किमतीला, खऱ्या गिऱ्हाइकाला विकायला कोणी अडवत नाही, हे लोकांना सांगितलं की खरं वाटत नाही.

आणि इथे मेहुणा परत आला. कळलं ते असं की दादांकडे त्याचेही चार लाख अडकलेत आणि थोरल्या भावाने दिलेल्या पैशातून ते आधी सगळे मिळावेत अशी त्याची अपेक्षा. मैत्रिणीने स्पष्ट सांगितलं, पुढे तीन महिन्यांत नादारीची वेळ आली तर एकालाच झुकतं माप देऊन केलेलं ते पेमेंट रद्दबातल ठरू शकतं, आणि सप्लायर काय म्हणतील ते वेगळंच. म्हणून सगळ्यांना एकाच प्रमाणात दिलं, रुपयाला साधारण पन्नास पैसे, बाकीचे हप्ते लिहून. मेहुण्यालाही दोनच लाख. वहिनींनी स्वतः फोन करून सांगितलं आपल्या भावाला, म्हणजे मेहुण्याला, दादांची हिंमत होत नव्हती.

नादारीचा अर्ज शेवटी टाकावा लागला नाही. दोघं आता नऱ्ह्यात भाड्याने राहतात, दादा ओळखीच्याच एका वर्कशॉपमध्ये पगारावर आहेत. खंडेनवमीला तिथल्या मशीनच्या पूजेचा फोटो पाठवला होता मला, एका कोपऱ्यात त्यांचा जुना मायक्रोमीटर, झेंडू लावलेला. हप्ते चालू आहेत. मेहुण्याने त्या दिवाळीला भाऊबीजेला यायचं टाळलं, पण हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला मोजून घेतो.