हजेरीत नाव, बाकावर जागा

प्रश्न : मी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात सातवीच्या वर्गाला शिकवते. पटावर ३८ मुले आहेत. गडबड करणाऱ्यांची नावे मॉनिटर फळ्यावर लिहितो, त्यामुळे वर्ग शांत असतो. परंतु मुले मोकळेपणाने बोलत नाहीत. द्राक्षबागांमध्ये गोडी छाटणी सुरू झाली, की सुरगाणा-पेठकडून मजुरीसाठी आलेल्या कुटुंबांतील मुले आठ-आठ दिवस येत नाहीत, आणि आली तरी मागे गप्प बसून राहतात. शिस्त न सोडता त्यांना शाळा आपली कशी वाटेल?
— एक शिक्षिका

उत्तर : आपल्या वर्गातील शांतता भीतीची असावी, असे आपल्या पत्रावरून वाटते, म्हणून प्रथम फळ्यावरची नावे पुसावीत. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने छडीबरोबरच मानसिक छळालाही मनाई केली आहे. चुकणाऱ्या मुलाजवळ जाऊन हलक्या आवाजात एक वाक्य सांगितले, तर त्याची चूकही सुधारते आणि चारचौघांत त्याची मान खाली जात नाही. मॉनिटरचे काम दर आठवड्याला बदलावे आणि त्यात चहाडीऐवजी वह्या वाटणे, फळा पुसणे अशी कामे असावीत.

खरा प्रश्न मात्र परतणाऱ्या मुलाचा आहे, आणि तो हजेरीपासून सुरू होतो. अनेक वर्गांत हजेरी क्रमांकाने घेतली जाते. 'सतरा' म्हटले की 'हजर' एवढेच उत्तर येते आणि आठ दिवस सतरा क्रमांक आला नाही, हे केवळ हजेरीपटाला कळते. हजेरी नावाने, मुलाकडे पाहून घ्यावी; ३८ नावांना फार तर तीन-चार मिनिटे लागतील. मूल परतल्यावर 'इतके दिवस कुठे होतास?' हा प्रश्न सर्वांसमोर विचारू नये, कारण बागेत आईला मदत करून किंवा धाकट्या भावंडाला सांभाळून आलेल्या मुलाला त्यात आरोपच ऐकू येतो. त्याऐवजी 'तू आलास, बरे झाले' असे म्हणून त्याची जागा दाखवावी. ती जागा आपण राखून ठेवलेली असली पाहिजे, कारण मधल्या काळात तेथे दुसरे कोणी बसलेले असले, की ते मूल आपोआप शेवटच्या बाकाकडे वळते. शेजारच्या मुलाने सुटलेल्या दिवसांचा अभ्यास वहीत उतरवून ठेवावा, असेही आधीच ठरवता येईल.

घरी डांगी किंवा कोकणा बोली बोलणाऱ्या मुलाच्या उच्चारावर कोणी हसले, तर ते तेथल्या तेथे थांबवावे. या एका बाबतीत मी कडक राहण्याचाच आग्रह धरीन. वर्गाचे इतर नियम मुलांशी बोलून, चार-पाचच ठरवावेत.

पालकसभा दुपारी ठेवल्यास मजूर पालकांचा त्या दिवसाचा रोज बुडतो. ती संध्याकाळी, बागेतले काम सुटल्यावर घ्यावी आणि पहिल्या भेटीत गैरहजेरीचा विषय काढण्याआधी मुलाची एक चांगली गोष्ट सांगावी.