आग विझल्यावर फ्रिगेट आडवी का पडते?

प्रश्न असा आहे: जुलै २०२४ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत आयएनएस ब्रह्मपुत्रा या फ्रिगेटला (मध्यम आकाराच्या युद्धनौकेला) आग लागली, सकाळपर्यंत आटोक्यात आली, आणि दुपारी जहाज एका कुशीवर कललं. आगीने एवढी १२६ मीटर लांब फ्रिगेट आडवी होते कशी?

आगीपेक्षा ती विझवायला ओतलेलं पाणी धोक्याचं. कुठल्याही जहाजाला लागू पडणारं गणित सांगतो.

५,००० लिटरचा ट्रॅक्टरचा टँकर तुडुंब भरला असेल तर पांदणीतून नीट जातो, निम्मा असला की वळणावर उलटायला बघतो. भरलेल्या टाकीत पाण्याला हलायला जागा नसते. निम्म्या टाकीत ते उताराकडे धावतं आणि टँकरला आणखी तिकडेच ओढतं.

जहाजाचा तोल ‘मेटासेंट्रिक उंची’त मोजतात. ती जेवढी जास्त, तेवढं कललेलं जहाज जोराने सरळ व्हायला बघतं. फ्रिगेटला ती साधारण एक मीटरच्या मागेपुढे असते. मोकळ्या पाण्याने ती किती घटते? पाणी साचलेल्या कप्प्याची लांबी गुणिले रुंदीचा घन, भागिले १२, भागिले जहाजाने सारलेल्या पाण्याचं घनफळ. कप्पा १५ मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि घनफळ ४,००० घनमीटर धरलं तर घट ०.५४ मीटर. एकाच कप्प्यात निम्मा तोल गेला! सूत्रात पाण्याची खोली नाही, हे ध्यानात घ्या. गुडघाभर पाणीही पुरतं. शिवाय ते वरच्या डेकवर साचलं तर गुरुत्वमध्यही वर चढतो.

मग कप्प्याच्या मधोमध उभी, म्हणजे जहाजाच्या लांबीच्या दिशेने जाणारी, भिंत का घालत नाहीत? घातली तर ही घट चौथाईवर येते, खरं आहे. पण लढाईत एका बाजूला भोक पडलं की पाणी त्याच बाजूला अडकतं आणि जहाज लगेच कलतं. म्हणून युद्धनौकेत आडव्या (एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंतच्या) भिंती पुष्कळ, उभ्या कमी.

आणि पाणी साचतं किती वेगाने? आग विझवायचे पाच होज (पाण्याचे पाइप), प्रत्येकी मिनिटाला ४५० लिटर, म्हणजे तासाला १३५ टन. आपले २७ टँकर.

दुरुस्तीला लागलेलं जहाज तर आधीच तळाशी हलकं असतं. तळाच्या इंधनटाक्या रिकाम्या, दारूगोळा उतरवलेला, पंप सुटे केलेले. केबल आणि हवेचे पाइप दारांतून ओढलेले, त्यामुळे जलरोधक दारं लागतच नाहीत. २०११ मध्ये विंध्यगिरी ही फ्रिगेट टक्कर आणि आगीनंतर दुसऱ्या दिवशी धक्क्यालाच बुडाली होती. (२०१६ची बेतवा या फ्रिगेटची घटना वेगळी. ती सुक्या गोदीतून बाहेर काढताना पडली. त्या घडीला जहाज ज्यांवर टेकवलेलं असतं त्या ठोकळ्यांचा जोर खालून किलवर (तळाच्या कण्यावर) येतो आणि तोल तसाच घटतो.)

म्हणून पहिला होज सुरू झाला की उपसा पंपही त्याच वेळी सुरू हवा. डेकच्या मोऱ्यांत जळक्या चिंध्या अडकतात, तिथे एक माणूस उभा ठेवावा. इंजिनकक्षात पाण्याऐवजी फोम किंवा कार्बन डायऑक्साइड, आणि पाणी फक्त शेजारच्या भिंती थंड करायला.

तरी कललंच, तर उंच बाजूला वजन टाकायचा मोह होतो. तोल गेल्यामुळे कललेलं जहाज अशाने दुसऱ्या कुशीवर धाडकन आदळतं, आधीपेक्षा जास्त कोनात. आधी वरचं पाणी उपसा. मग तळाची छोटी टाकी भरा, एका वेळी एकच, आणि तीही खाली गेलेल्या बाजूची आधी. सुरुवातीला कल थोडा वाढेल, तेव्हा घाबरून पंप बंद करू नका.