चिपची चाचणी आणि शेअरचा भाव

प्रश्न : एएमडीचे नवे प्रोसेसर इंटेलपेक्षा सरस असल्याचं अनेक चाचण्यांत वाचलं. माझ्याकडे इंटेलचे शेअर आहेत. ते विकून एएमडीचे घ्यावेत का?

उत्तर : केवळ चाचण्यांवरून नको. 2003 मध्ये एएमडीच्या ऑप्टेरॉन या प्रोसेसरने पीसीच्या कुळातल्या (x86) सर्व्हरला 64 बिटची वाट दाखवली आणि पुढे इंटेललाही त्याच वाटेने यावं लागलं. 2006 च्या सुरुवातीला एएमडीचा शेअर 40 डॉलरवर गेला होता. त्याच वर्षी जुलैत इंटेलने कोअर 2 हा प्रोसेसर बाजारात आणला, आणि एएमडीने 5.4 अब्ज डॉलरला एटीआय ही ग्राफिक्स चिपची कंपनी घ्यायचं ठरवलं, तेही बरंच कर्ज काढून. दोघांनी किमती उतरवल्या तेव्हा कर्जाचं ओझं एएमडीच्या डोक्यावर होतं. त्यात मंदी आली. 2008 संपताना शेअर सव्वादोन डॉलरच्या आत होता. वरच्या भावाला घेणाऱ्यांनी प्रोसेसर चांगलाच ओळखला होता, ताळेबंद मात्र उघडला नव्हता.

म्हणून दर तिमाहीला मी वहीत आधी ढोबळ नफ्याचं प्रमाण, म्हणजे विक्रीच्या शंभरातले माल बनवण्याचा खर्च जाऊन किती उरतात ते, उतरवते. स्पर्धेची झळ तिथेच आधी दिसते. इंटेलचं हे प्रमाण 2019 मध्ये सुमारे 59 टक्के होतं, 2024 मध्ये 33 वर आलं. एएमडीचं 2015 मध्ये 27 होतं, 2024 मध्ये 49.

एवढा फरक नुसत्या डिझाइनने पडत नाही. एएमडीने 2009 मध्ये कारखाने वेगळ्या कंपनीत काढले. 2019 पासून तिचे मुख्य प्रोसेसर दुसऱ्यांसाठी चिप बनवणाऱ्या तैवानच्या टीएसएमसीकडे 7 नॅनोमीटर तंत्रावर (आकडा जितका लहान, तितकं तंत्र नवं) बनू लागले. इंटेलने कारखाने स्वतःकडे ठेवले आणि तिचं 10 नॅनोमीटर तंत्र काही वर्षं रखडलं. कारखाना अर्धा रिकामा असला तरी घसारा, म्हणजे यंत्रांच्या झिजेपोटी दरवर्षी धरायचा खर्च, पूर्ण लागतो, हे इंटेलच्या भागधारकाने कायम ध्यानात ठेवावं. ऑगस्ट 2024 मध्ये कंपनीने लाभांश थांबवत असल्याचं जाहीर केलं, दुसऱ्या दिवशी शेअर 26 टक्के पडला. लाभांशाच्या भरवशावर बसलेल्यांसाठी मला फार वाईट वाटलं.

एएमडीलाही धोके आहेत. उत्पादन दुसऱ्याच्या हाती, आणि सर्व्हरवर खर्च होणाऱ्या पैशातला मोठा वाटा एनव्हिडिया या दुसऱ्या चिप कंपनीकडे जातो.

तुम्ही शेअर लाभांशासाठी घेतले असतील, तर ते कारण आता उरलेलं नाही. विकायला हरकत नाही. कारखाने सावरतील म्हणून घेतले असतील, तर पुढच्या निकालात इंटेलच्या कारखान्यांनी दुसऱ्या कंपन्यांसाठी बनवलेल्या चिपचं उत्पन्न आणि कारखान्यांच्या विभागाचा तोटा पाहा. एएमडी घ्यायचा विचार त्यानंतर, आणि आजचा भाव किती वर्षांच्या कमाईइतका आहे ते मोजूनच.