कोऱ्या रकान्यात काय लिहावे?

प्रश्न : माझे वय ३६ असून गेली बारा वर्षे मी एकाच कार्यालयात काम करते. वरिष्ठांनी विभागप्रमुखपदासाठी माझे नाव सुचवले आहे आणि अर्जात स्वतःची बलस्थाने व उणिवा लिहायच्या आहेत. उणिवांचा रकाना मी दहा मिनिटांत भरला : कामाला वेळ लागतो, बैठकीत तोंड उघडत नाही, नकार देता येत नाही, पटकन घाबरते, बुद्धी बेताची, कल्पकता नाही, आकडेमोड कच्ची. बलस्थानांच्या रकान्यात ‘प्रामाणिक’ एवढा एकच शब्द लिहिला आणि तोही खोडला. इंटरनेटवर एक व्यक्तिमत्त्व चाचणी दिली. तिचे उत्तर वाचून क्षणभर बरे वाटले, पण ते खरे कितपत, हे कळेना. नवरा म्हणतो, उणिवांकडे लक्षच देऊ नकोस. थोरली बहीण म्हणते, आधी उणिवा दूर कर आणि मगच पुढचे पाऊल टाक. त्यातच सहकारी आपापले मसुदे पाठवण्याआधी माझ्याकडे वाचायला आणून देतात, त्यामुळे माझे स्वतःचे काम मागे पडते. अर्जाला पंधरा दिवस उरले आहेत. मी काय करू?

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्या वेळी मी ज्या वाक्याखाली रेघ ओढली, ते तुम्ही जाता जाता, तक्रारीच्या सुरात लिहिले आहे : सहकारी आपले मसुदे तुमच्याकडे आणून देतात. सात उणिवा शोधणाऱ्या नजरेतून ही एक गोष्ट निसटली, कारण तुम्ही तिची नोंद ‘नकार देता येत नाही’ या उणिवेखाली करून मोकळ्या झालात.

जे आपल्याला सहज जमते, त्यासाठी कष्ट पडल्याचे आठवत नाही आणि कष्ट आठवत नसल्यामुळे ते कौशल्य आहे असेही वाटत नाही. उलट ‘एवढी साधी चूक यांना दिसत कशी नाही?’ असा वैताग येतो. तसा वैताग तुम्हाला त्या मसुद्यांवर येत असेल, तर तो नीट तपासण्याजोगा आहे. मात्र येथे एक खबरदारी घ्यावी लागेल. ज्याला नकार देता येत नाही, त्याच्याकडे लोक कोणतेही काम ढकलतात, त्यामुळे काम येते एवढ्यावरून गुण सिद्ध होत नाही. तेव्हा दोन-तीन सहकाऱ्यांना ‘माझ्यात कोणते गुण आहेत?’ असा संकोचात टाकणारा प्रश्न न विचारता ‘गेल्या वेळी मी वाचून दिल्यावर तुमच्या मसुद्यात काय बदलले?’ असे विचारा. पहिल्या प्रश्नाला स्तुती मिळेल, दुसऱ्याला माहिती मिळेल. ‘त्या दोन परिच्छेदांत विसंगती होती, ती तुमच्यामुळे वेळीच सापडली’ अशा प्रकारचे उत्तर आले, तर तुमच्या कोऱ्या रकान्यातली पहिली ओळ तयार झाली असे समजा.

चाचणीबद्दल थोडक्यात सांगते. १९४८ साली बर्ट्राम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांना एक चाचणी दिली आणि नंतर प्रत्येकाच्या हाती त्याचे म्हणून व्यक्तिमत्त्वाचे वर्णन ठेवले. हे वर्णन किती अचूक आहे, याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. प्रत्यक्षात सर्वांना एकच वर्णन दिले होते आणि त्यातला बराचसा मजकूर ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतला होता. सगळ्याच चाचण्या इतक्या पोकळ नसतात, परंतु वाचून बरे वाटले हा काही तिच्या खरेपणाचा पुरावा नव्हे.

आता तुमच्या सात उणिवा पाहू. माझ्या मते तुम्ही वेगवेगळ्या जातींच्या गोष्टी एकाच पिशवीत भरल्या आहेत.

मानसशास्त्रज्ञ सिमीन वझीर यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, माणसाविषयीचा कोणता अंदाज कोणाचा अधिक बरोबर ठरतो हे तपासले होते. चिंता, अस्वस्थता यांसारख्या आत घडणाऱ्या गोष्टींबाबत माणसाचे स्वतःचे मत अधिक अचूक निघाले. बुद्धी आणि कल्पकता यांबाबत मात्र मित्रमैत्रिणींचे. याचे कारण उघड आहे : धडधड आपल्यालाच ऐकू येते, पण ‘मी हुशार आहे का?’ या प्रश्नात आपला अहंकार किंवा आपली भीती इतकी गुंतलेली असते की, नजर स्वच्छ राहत नाही. म्हणून ‘पटकन घाबरते’ हे तुमचे विधान मी मान्य करते. ‘बुद्धी बेताची’ आणि ‘कल्पकता नाही’ ही दोन विधाने करण्याचा अधिकार तुमच्याकडे नाही, असे मी जरा दटावूनच सांगते. ती दोन्ही आजच खोडून टाका.

‘कामाला वेळ लागतो’ ही उणीव आणि इतरांच्या मसुद्यातली चूक नेमकी पकडण्याची हातोटी या बहुधा एकाच स्वभावाच्या दोन बाजू आहेत. तुम्ही प्रत्येक ओळ तपासता म्हणून चूक सापडते आणि प्रत्येक ओळ तपासता म्हणूनच उशीर होतो. या उणिवेवर घाव घातला, तर तो गुणावर बसेल. दोष आहे तो वापराच्या प्रमाणात : चार ओळींच्या अंतर्गत निरोपालाही तुम्ही महत्त्वाच्या अहवालाइतकीच बारकाईची वागणूक देत असाल, तर कोणत्या कामाला किती वेळा वाचायचे हे आधी ठरवून टाकणे पुरेसे आहे.

आकडेमोडीसाठी मी फार जीव काढणार नाही. विभागप्रमुखाला अंदाजपत्रक वाचून योग्य शंका विचारता यायला हवी. तेवढे शिकून घ्या आणि उरलेले काम त्यात गती असलेल्या सहकाऱ्यावर सोपवा.

मात्र बैठकीत न बोलणे आणि नकार न देणे या दोन गोष्टींना मी सवलत देणार नाही, कारण त्या तुमच्या चांगल्या गुणाचीच वाट अडवून बसल्या आहेत. योजनेतली विसंगती तुम्हाला बैठकीतच दिसते, पण ती तुम्ही बैठक संपल्यावर शेजारच्या व्यक्तीच्या कानात सांगत असाल, तर त्या दृष्टीचा विभागाला उपयोग काय? येथे तुमच्या बहिणीचे म्हणणे बरोबर आहे. बाकीच्या यादीबाबत नवऱ्याचे ऐका, हा माझा निवाडा. सुरुवातीला धीटपणा आणण्याचा प्रयत्न करू नका, वाचनाचाच आधार घ्या. बैठकीची विषयपत्रिका आदल्या दिवशी वाचून एक शंका कागदावर लिहून काढा आणि पहिल्या दहा मिनिटांतच ती लिहिल्याप्रमाणे वाचून दाखवा, कारण घाबरणाऱ्या माणसाची धडधड वाट पाहण्यात वाढत जाते. नकाराचेही तसेच आहे. तोंडावर ‘नाही’ म्हणणे जड जात असेल, तर ‘उद्या दुपारी तीननंतर पाहते’ असे म्हणून बघा. ज्यांना खरोखर तुमची नजर हवी आहे ते थांबतील आणि ज्यांना केवळ काम ढकलायचे होते ते दुसरे दार शोधतील. तुमच्या गुणाची ही आणखी एक परीक्षाच होईल.

पुढच्या वर्षासाठी व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी सुचवलेली एक पद्धत सांगते. कोणताही महत्त्वाचा निर्णय घेताना त्यातून काय घडेल अशी आपली अपेक्षा आहे, हे लिहून ठेवायचे आणि नऊ किंवा बारा महिन्यांनी प्रत्यक्ष घडलेल्याशी ताडून पाहायचे. या वहीत तुम्हाला कोणते अंदाज वारंवार बरोबर येतात आणि कोठे वारंवार फसगत होते, याचा जो नकाशा मिळेल, त्यात दहा मिनिटांत लिहिलेल्या यादीतल्या काही गोष्टी कदाचित सापडणारही नाहीत. स्मरणशक्तीवर विसंबू नका. निकाल कळल्यावर ‘मला हेच वाटले होते’ असे प्रत्येकालाच वाटते.

अर्ज भरताना विशेषणे टाळा. ‘प्रामाणिक’ हा शब्द तुम्ही खोडलात ते योग्यच झाले, कारण तो खोटा होता म्हणून नव्हे, तर त्यातून तुमच्या कामाविषयी काहीच कळत नव्हते म्हणून. त्याऐवजी सहकाऱ्यांच्या उत्तरांतून हाती आलेला एक प्रसंग दोन-तीन वाक्यांत मांडा. उणिवांच्या रकान्यात बैठकीतले मौन लिहा आणि त्यावर सध्या काय करीत आहात, हेही लिहा. तोपर्यंत एखादी तरी शंका बैठकीत वाचून झालेली असावी.

आणि ज्या वरिष्ठांनी तुमचे नाव सुचवले, त्यांना तुम्ही अजून कारण विचारलेले दिसत नाही. नाव सुचवताना तो कोरा रकाना त्यांनी आपल्या मनात भरलेलाच असणार. या आठवड्यात त्यांच्याकडे पंधरा मिनिटे मागून घ्या, जाताना वही बरोबर न्या आणि ते जे सांगतील ते मध्येच ‘छे, तसे काही नाही’ असे न म्हणता उतरवून घ्या.