सॉफ्ट कोरलच्या पॉलिप्सना काय आणि किती वेळा खायला घालावं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: खाऱ्या पाण्याच्या टँकमधल्या झोआ, लेदर आणि झेनिया या तीन कोरलना आठवड्यातून किती वेळा काय द्यायचं, आणि चार दिवस मिटून बसलेलं लेदर उपाशी आहे का. दुसरीचं उत्तर आधी देतो, कारण काळजी त्याचीच जास्त दिसतेय. नाही, बहुतेक ते कात टाकतंय. टॉर्च तिरका धरून त्याच्या टोपीकडे बघा. मेणासारखी चकाकी दिसली, कडेला पातळ पापुद्रा सुटत असेल, तर तेच. पंपाचं तोंड जरासं वळवून पाण्याचा प्रवाह त्याच्या अंगावरून जाऊ द्या आणि हात लावू नका. कधी तीन दिवसांत उघडतं, कधी दहा दिवस लावतं. या काळात त्याच्यावर खाणं सोडलं तर ते त्या पापुद्र्यावर बसून कुजतं, एवढंच.

आता खाण्याचं. तुमच्याकडच्या तिघांच्याही पेशींत झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं. ते दिवसभर प्रकाशावर साखर बनवतं आणि तिचा मोठा वाटा कोरलला देतं. म्हणजे दिवा नीट असेल तर पोटापाण्याची बरीचशी सोय झालेली असते. वरून घालायचं ते तोंडी लावण्यापुरतं. शिवाय माशांना घातलेल्यातलं विरघळतं, मासे घाण करतात, त्यातूनही कोरल आपला वाटा उचलतात.

झेनियाला तर मी मुद्दाम काहीच घालत नाही. त्याची मूठ उघडमीट होताना बघून वाटतं की काहीतरी पकडून खातंय, मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. पण त्याच्या जवळच्या नात्यातल्या एका तांबड्या समुद्रातल्या कोरलवरचं संशोधन 2013 साली आलं, त्यात दिसलं की या हालचालीने अंगालगतचं ऑक्सिजनने भरलेलं पाणी दूर लोटलं जातं आणि प्रकाशसंश्लेषण वाढतं. पंखा चालवतंय म्हणा ना! लेदरच्या पॉलिपला (म्हणजे कोरल ज्यांचं बनलेलं असतं त्या एकेका इवल्या जिवाला) पिसासारख्या आठ स्पर्शिका असतात, त्यांत फार बारीक कणच अडकतात. अख्खी मायसिस (कोळंबीसारखा छोटा जीव) त्यांच्या काही कामाची नाही.

खरं जेवण करतात ते झोआ. (शास्त्राप्रमाणे ते सॉफ्ट कोरल नाहीत, समुद्रफुलांच्या जास्त जवळचे आहेत, पण टँकमध्ये सगळे त्यांना याच पंगतीत बसवतात.) त्यांना मी आठवड्यातून एकदा गोठवलेले सायक्लोप्स किंवा अंड्यातून नुकतीच निघालेली आर्टेमियाची पिल्लं (दोन्ही पाण्यातले बारीक कवचधारी जीव) देतो. चिमूटभर तुकडा टँकच्याच पाण्यात वितळवायचा, चहाच्या गाळणीपेक्षा बारीक जाळीतून गाळायचा आणि खाली गळलेलं गढूळ पाणी फेकून द्यायचं. मुख्य पंप आणि स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) बंद. मग पिपेटने दोनेक इंच वरून हळूच सोडायचं, पिचकारी मारायची नाही, नाहीतर पॉलिप दचकून मिटतात आणि दाणे दगडामागे जातात. भूक असेल तर कडेच्या स्पर्शिका आत वळतात आणि पॉलिप पुरचुंडीसारखा बंद होतो. दाणा तसाच वर पडून राहिला तर त्या दिवशी पुरे. पंधरा मिनिटांनी पंप चालू, आणि उरलेलं पिपेटनेच ओढून बाहेर. कोळंबी असेल तर तिला आधी दुसऱ्या कोपऱ्यात काहीतरी द्या. ती पॉलिपच्या तोंडातला घास काढून नेते.

मी सुरुवातीला रोज रात्री कोरल पावडर टाकायचो. तीन आठवड्यांत काचेवर हिरवा थर, दगडांवर केसाळ शेवाळ, आणि त्या शेवाळाखाली दबून झोआ मिटले. मी त्याला उपासमार समजलो आणि पावडर वाढवली! नायट्रेट (खाणं कुजून पाण्यात साठतं ते) मोजलं तेव्हा 50 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत 50 भागांच्या, वर निघालं.

म्हणून खाणं ठरवण्याआधी टेस्ट किट काढा. नायट्रेट 5 ते 10 आणि फॉस्फेट 0.05 ते 0.1 पीपीएमच्या आसपास असेल तर वर सांगितलं तेवढं पुरतं. नायट्रेट 20 च्या वर असेल तर काही दिवस काहीच नको. दोन्ही शून्य असतील तर तेही वाईट: कोरल फिके पडतात, शिवाय डायनोफ्लॅजेलेट्स या सूक्ष्म जीवांची तपकिरी बुडबुडेवाली साय धरते. तेव्हा कोरलला नाही, माशांना थोडं जास्त घाला.

एक सावधगिरी मात्र पाळा. झोआ-पॅलीथोआमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं. हात घालताना हातमोजे, तुकडे करताना चष्मा, आणि त्यांचा दगड कधीही उकळू किंवा गरम पाण्याने धुऊ नका. ती वाफ माणसाला दवाखान्यात पोचवते.

लेदर दहा दिवसांनंतरही मिटलेलंच असेल, तर खाण्याकडे न जाता खारेपणा मोजा (विशिष्ट गुरुत्व 1.025 च्या जवळपास हवं), मग क्षारता, आणि शेजारचं एखादं कोरल त्याला डसत तर नाही ना, ते दिवे गेल्यावर तासाभराने बघा.