मळण्याच्या मसाजमध्ये जोर लावूनही आराम का पडत नाही?

तुम्ही विचारलंय की खांद्यावर आणि पोटरीवर मळण्याचा मसाज करताना भरपूर जोर लावता, तरी समोरच्याला आराम कमी आणि दुखणंच जास्त, असं का होतं? आणि हेच हात चेहऱ्यावर चालतील का? दुसऱ्याचं उत्तर आधी देते: नाही चालणार. पहिल्याचं जरा लांबेल.

मी मसाजचं काम करते आणि नवशिक्यांना शिकवतेही. जवळजवळ प्रत्येक जण मळायचं म्हटलं की खाली दाबतो. खाली दाबलं की स्नायू तुमचा हात आणि हाड यांच्यामध्ये चेंगरतो, मग दुखणारच. मळताना स्नायू हाडापासून सुटा करून वर उचलायचा, उचललेला असतानाच पिळायचा आणि मग सैल सोडायचा. जोर लागतो तो उचलताना आणि पिळताना. हात खाली जाताना जवळजवळ नाहीच. एकोणिसाव्या शतकात मसाजमध्ये हात चालवण्याच्या पद्धतींची जी विभागणी झाली, ती योहान मेझगर या डच डॉक्टरांच्या नावावर सांगतात. त्यात याला पेट्रिसाज म्हटलंय, वर्गात अजून तेच नाव चालतं.

पकड बोटांच्या टोकांनी नको. टोकांनी पकडलं की तो चिमटा होतो. तळहात त्वचेला चिकटलेला, अंगठा एका बाजूला, चार बोटं दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या बेचक्यात स्नायू भरून आला पाहिजे. एक हात सोडतो तेव्हा दुसरा उचलतो. मांडीसारख्या मोठ्या भागावर दोन्ही हात विरुद्ध दिशेने सरकवत ओला कपडा पिळावा तसं पिळता येतं, फक्त त्याच्या चौथाई जोराने.

तेलाचं म्हणाल तर कमी घ्या. निसरड्या त्वचेवर स्नायू हातात राहत नाही, मग माणूस आणखी घट्ट धरतो आणि पुन्हा चिमटेच बसतात. आधी लांब, हलके हात फिरवून भाग गरम करा आणि मगच मळायला घ्या.

अजून एक, आणि माझ्या मते निम्मा फरक यानेच पडतो: स्नायू आधी ढिला पडलेला हवा. पालथं झोपवलं असेल तर घोट्याखाली उशी द्या. गुडघा थोडा वाकतो आणि पोटरी आपोआप सैल होऊन हातात येते. खांद्याला बसवून मसाज करत असाल तर त्या माणसाचे हात समोर टेबलावर किंवा उशीवर टेकवा. हात लोंबकळत असले तर त्यांचं वजन तोच स्नायू पेलत असतो, तो सुटणार कसा? इतकं करूनही उचलला जात नसेल, जसं मणक्याशेजारी बऱ्याचदा होतं, तर हट्ट सोडा आणि तिथे नुसती त्वचा चिमटीत धरून पुढे पुढे लाटत न्या. गुडघ्यामागची खळगी आणि गळ्याची पुढची बाजू मळायची नाही; तिथे शिरा आणि नसा वरच असतात.

गती सावकाश ठेवा. समोरच्याने श्वास रोखला किंवा पायाची बोटं आवळली तर जोर जास्त झालाय. तोंडाने तो ‘चालेल’ म्हणतच असतो.

चेहऱ्यावर गोष्ट वेगळी, कारण हावभावाचे स्नायू पातळ असतात आणि त्यांचं एक टोक त्वचेतच गुंतलेलं असतं. उचलण्यासारखं तिथे फारसं नाही. दाढा आवळल्या की जबड्याच्या कोपऱ्याशी गाठीसारखा वर येतो तो चावण्याचा स्नायू मात्र जाड असतो. तो सापडला की दाढा सोडायला सांगा आणि दोन बोटांच्या पेरांनी जागच्या जागी लहान गोल फिरवा. बोट त्वचेवरून घसरू नये, त्वचा बोटाबरोबर हलावी. रात्री दात आवळणाऱ्यांना याने खूप बरं वाटतं. जबड्याच्या कडेने हनुवटीपासून कानाकडे आणि भुवईवर आतून बाहेर अंगठा-तर्जनीची हलकी चिमटी पुरते. डोळ्यांभोवती मळूच नका. सकाळची सूज काही वेळ उतरलेली दिसेल, पण गालाची चरबी मसाजने जात नाही, कोणी काहीही सांगो. व्यायामानंतरचं ‘लॅक्टिक ॲसिड पिळून निघतं’ हेही तसलंच. ते शरीर तास-दीड तासात स्वतःच निस्तरतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या अंगदुखीला मसाजने थोडा उतार पडतो, तो वेगळ्या कारणाने.

ताप असेल, त्या जागी जखम, फुगलेल्या शिरा किंवा पिकलेल्या पुटकुळ्या असतील, तर तिथे हात लावू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा चेहऱ्यावर नुकतंच बोटॉक्स किंवा फिलरचं इंजेक्शन घेतलं असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. एकच पोटरी सुजून, गरम होऊन दुखत असेल तर ती अजिबात मळू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा.

आणि मसाज करून तुमचाच अंगठा दुखत असेल, तर तो मागे वाकवून जोर लावताय. अंगठा मनगटाच्या रेषेत ठेवा आणि जोर हाताचा न लावता कमरेतून पुढे-मागे झुलत शरीराचं वजन वापरा.