खुबा बदलल्यावर धावायचं का?

प्रश्न : वय ६४. उजव्या खुब्याचं सांधेरोपण होऊन आठ महिने झाले. त्याआधी रोज सकाळी कमाटी बागेत चार-पाच किलोमीटर धावायचो. आता पाऊण तास चालतो, दुखत नाही. सर्जन म्हणतात, धावू नका. मित्र म्हणतात, काही होत नाही. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : सर्जनचं. पण ‘का नको’ हे विचारून घ्या. पूर्वी कृत्रिम सांध्याच्या उखळीतलं प्लास्टिक झिजायचं, त्याच्या कणांनी भोवतालचं हाड खाल्लं जायचं आणि सांधा ढिला व्हायचा. १९९०च्या दशकाच्या अखेरीस आलेलं क्रॉसलिंक्ड (रेणू एकमेकांना घट्ट जोडलेलं) प्लास्टिक बरंच कमी झिजतं, म्हणून काही सर्जन निवडक रुग्णांना हलकं जॉगिंग करू देतात. हमी मात्र कोणी देत नाही. ऑपरेशनच्या फाइलमध्ये इम्प्लांटचे (बसवलेल्या सांध्याच्या भागांचे) स्टिकर चिकटवलेले असतात. ती फाइल आणि नवा एक्स-रे घेऊन जा. कप (कमरेच्या हाडातली वाटी) आणि स्टेम (मांडीच्या हाडातला दांडा) हाडात पक्के बसलेत का, बॉल-लायनर (दांड्यावरचा गोळा आणि वाटीतलं अस्तर) कशाचे आहेत, हाडं ठिसूळ तर नाहीत ना, एवढं विचारा. मेटलवर मेटल (गोळा आणि वाटी दोन्ही धातूचे) असा सांधा असेल तर धावण्याचा विषय तिथेच संपला.

परवानगी मिळाली, तरी खरी अडचण स्नायूंची. एका पायावर उभं राहताना कंबर सरळ धरणारा कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू ऑपरेशननंतर बरेच महिने कमजोर राहतो. चालताना ते कळत नाही. आरशासमोर उजव्या पायावर ३० सेकंद उभे राहा, बाजूला खुर्ची असू द्या. डावीकडची कंबर खाली झुकली किंवा धड उजवीकडे कललं, तर अजून धावू नका. आधी डाव्या कुशीवर झोपून, गुडघ्यांत उशी ठेवून, उजवा पाय सरळ वर उचला : १०-१२ वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. टाच किंचित मागे आणि बोटं समोर हवीत. बोटं छताकडे वळली की काम मांडीच्या पुढच्या स्नायूकडे जातं. बहुतेकांचं इथेच चुकतं.

मग एक मिनिट जॉगिंग, चार मिनिटं चालणं, असं पाच वेळा. आठवड्यातून तीनदा, मध्ये एक दिवस सोडून. दोन आठवडे त्रास झाला नाही तरच दोन मिनिटं धावा, तीन चाला. पावलं छोटी आणि जलद टाका. अर्ध्या मिनिटात उजवं पाऊल ३८ वेळा पडत असेल, तर वेग न वाढवता ४० वर आणा. खुब्यावरचा भार घटतो.

सेन्सर बसवलेल्या कृत्रिम खुब्यांवर बर्लिनमध्ये मोजमापं झाली आहेत. भरभर चालताना वजनाच्या तीन-चारपट, जॉगिंगला पाचपटीच्या आसपास, आणि ठेचकाळल्यावर सातपटीहून जास्त भार आढळला. म्हणजे धावण्यापेक्षा ठेच वाईट. अंधारात, उखडलेल्या फुटपाथवर किंवा पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवर धावू नका.

खुर्चीतून उठून पहिली पावलं टाकताना मांडीत दुखलं, तर स्टेम सैल झाल्याची शंका घ्यावी. जांघेत दुखलं, तर कपाची. दोन्हींत धावणं बंद, एक्स-रे. बाहेरच्या बाजूला दुखलं तर बहुधा व्यायाम घाईने वाढवलाय.

प्रश्न : आईचा खुबा मार्चमध्ये बदलला, ऑपरेशन मागच्या बाजूने झालं. नवरात्रात गरबा खेळू देऊ का?
– एक वाचक, मांजलपूर, वडोदरा

उत्तर : सर्जननी हो म्हटलं तर सोसायटीतला खेळू दे, मोठ्या मैदानातला नको. कमरेत वाकलेलं असताना पाऊल रोवून धड त्याच पायाकडे फिरवलं की मांडी आत वळते आणि मागच्या बाजूच्या ऑपरेशननंतर सांधा निसटायची तीच स्थिती. त्यात मागून कोणाचा धक्का लागला की झालंच. गिरकी आणि वाकून टाळी टाळून संथ बे ताळी, त्रण ताळी (दोन किंवा तीन टाळ्यांचा गरबा) चालेल. वळायचं ते छोटी पावलं उचलून. आणि वेग वाढायच्या आत त्यांना गोलाबाहेर आणा, कारण त्या स्वतःहून येणार नाहीत.